भीमाशंकर परिसराचे उपग्रह चित्रण

भीमाशंकर परिसराचे उपग्रह चित्रण म्हणजे पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व खेड तालुक्यांच्या पश्चिम भागातील सह्याद्रीचा प्रदेश उपग्रहांनी व विमानांनी टिपलेल्या प्रतिमांतून पाहणे व अभ्यासणे. पूर्वी अशा प्रतिमा प्रामुख्याने शासकीय विभाग आणि संशोधन संस्थांच्याच हाती असत. २००५ नंतर गूगल मॅप्स, गूगल अर्थ, भुवन यांसारख्या ऑनलाइन परस्परसंवादी नकाशांमुळे त्या सर्वसामान्य वाचकाला, विद्यार्थ्याला व ग्रामस्थाला उपलब्ध झाल्या. जंगलाची स्थिती, धरणांचा पाणीसाठा, वनहक्काचे दावे आणि दरडप्रवण उतार या चार विषयांत या परिसरासाठी त्यांचा विशेष उपयोग होतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेल्यानंतर डोंगरउतारांवरील बदल जुन्या प्रतिमांतून तपासण्याचे महत्त्व ठळकपणे पुढे आले.

## भौगोलिक पार्श्वभूमी

भीमाशंकर हे सह्याद्रीच्या मुख्य कण्यावर, सुमारे १९.०७° उत्तर अक्षांश व ७३.५४° पूर्व रेखांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर वसले आहे. अरबी समुद्राचा किनारा येथून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर पश्चिमेला आहे. भीमा नदीचा उगम येथेच होतो. मंदिर खेड तालुक्यात असले तरी मंचर, घोडेगाव व डिंभे या मार्गाने जाणारा रस्ता आंबेगाव तालुक्यातून जातो. १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे असून ते पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहे.

परिसराची रचना उपग्रह प्रतिमेत सहज ओळखता येते. पश्चिमेला कोकणात कोसळणारे तुटलेले कडे, माथ्यावर निमसदाहरित जंगल, त्याच्या पूर्वेला भातखाचरांच्या अरुंद दऱ्या आणि आणखी पूर्वेला घोड, मीना व कुकडी नद्यांची रुंद होत जाणारी बागायती खोरी असे उत्तर-दक्षिण पट्टे दिसतात. माथ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होतो आणि हा फरक वनस्पतींच्या रंगात उमटतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांच्या पद्धतीत भीमाशंकर व माळीण ही दोन्ही ठिकाणे ४७ ई/१२ या पत्रकात येतात. उपग्रह प्रतिमेत गावांची नावे, समोच्च रेषा व सीमा नसतात. त्यामुळे प्रतिमा वाचताना असे पत्रक शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

## उपलब्ध नकाशे व प्रतिमा

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. या मालिकेतील प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य मिळू लागल्या. भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रो) १२ ऑगस्ट २००९ रोजी भुवन हे संकेतस्थळ सुरू केले. ते हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून चालवले जाते. राज्य पातळीवर नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हे काम पाहते.

या परिसरासाठी उपयोगी पडणाऱ्या प्रमुख उपग्रहांची माहिती पुढीलप्रमाणे आहे.

| उपग्रह | संस्था | प्रकार | जमिनीवरील विभेदन |
|---|---|---|---|
| लँडसॅट ८ व ९ | नासा व अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण | प्रकाशीय | ३० मीटर |
| सेंटिनेल-२ | युरोपीय अंतराळ संस्था | प्रकाशीय | १० मीटर |
| रिसोर्ससॅट-२ (लिस-४) | इस्रो | प्रकाशीय | ५.८ मीटर |
| कार्टोसॅट-१ | इस्रो | प्रकाशीय, त्रिमितीय | २.५ मीटर |
| सेंटिनेल-१ | युरोपीय अंतराळ संस्था | रडार | सुमारे १० मीटर |

सामान्य वाचकासाठी गूगल अर्थ व भुवन ही दोन साधने पुरेशी असतात. संगणकावरील गूगल अर्थ प्रो २०१५ पासून विनामूल्य असून त्यात कालपट्टी सरकवून एकाच जागेच्या जुन्या प्रतिमा पाहता येतात. एस्री कंपनीच्या वेबॅक या नकाशात २०१४ पासूनच्या पार्श्वप्रतिमांच्या आवृत्त्या साठवलेल्या आहेत. ठराविक तारखेची सेंटिनेल प्रतिमा हवी असल्यास कोपर्निकस ब्राउझर वापरला जातो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी तयार केलेला नकाशा असून त्यात पायवाटा, पाणवठे व वाड्यांची नावे नोंदवता येतात. वणव्यांच्या नोंदी नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर दिसतात.

विमानातून व ड्रोनमधून घेतलेल्या प्रतिमा उपग्रह प्रतिमांपेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म असतात. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप केले जाते. मात्र ही मोजणी गावठाणापुरती मर्यादित असते. गावामागचा डोंगर तिच्या कक्षेत येत नाही.

## प्रतिमांचे वाचन

### दिनांक

ऑनलाइन नकाशावरील प्रतिमा ही चालू क्षणाची नसते. ती वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांची जोडणी असते. लगतच्या दोन गावांची चित्रे एकमेकांपासून काही वर्षांच्या अंतरानेही घेतलेली असू शकतात. गूगल अर्थमध्ये प्रतिमेचा दिनांक पडद्याच्या तळाशी दिसतो. एखाद्या नकाशाच्या आवृत्तीचा प्रकाशन दिनांक आणि प्रतिमा प्रत्यक्ष टिपल्याचा दिनांक हे भिन्न असतात. दोन प्रतिमांची तुलना करताना दुसरा दिनांक विचारात घ्यावा लागतो.

### विभेदन

विभेदन म्हणजे प्रतिमेतील एका चौकोनी ठिपक्याने जमिनीवरील किती भाग व्यापला आहे त्याचे माप. लँडसॅटचा एक ठिपका ९०० चौरस मीटरचा, तर सेंटिनेल-२ चा १०० चौरस मीटरचा असतो. एक हेक्टर शेत सेंटिनेल-२ मध्ये १०० ठिपक्यांचे, तर लँडसॅटमध्ये अवघ्या ११ ठिपक्यांचे होते. डोंगरातील लहान घर सेंटिनेल-२ च्या एका ठिपक्यात सामावते. त्यामुळे घरे मोजणे किंवा भातखाचराचा बांध पाहणे या प्रतिमांवरून शक्य नसते.

विभेदनाचा अर्थ समजून घेण्यासाठी जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जी.एम.आर.टी.) हे चांगले उदाहरण आहे. या दुर्बिणीच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. उच्च विभेदनाच्या प्रतिमेत त्यांचा गोल आकार स्पष्ट दिसतो. सेंटिनेल-२ मध्ये तोच व्यास चार-पाच ठिपक्यांचा होतो आणि लँडसॅटमध्ये एक-दोन ठिपक्यांत विरून जातो.

### ऋतू

जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीचा माथा बहुतेक दिवस ढगांनी झाकलेला असतो. प्रकाशीय उपग्रहांना ढगांपलीकडील जमीन दिसत नाही. नकाशे तयार करणाऱ्या संस्था ढगविरहित प्रतिमा निवडतात. साहजिकच ऑनलाइन नकाशावर दिसणारे भीमाशंकर हे बहुधा ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांतील असते. दरडी, पूर व रस्ते खचण्याच्या घटना ज्या ऋतूत घडतात, तो ऋतू या नकाशांत जवळजवळ दिसतच नाही.

कोरड्या ऋतूचा एक लाभही आहे. एप्रिल-मे महिन्यांत गवताळ उतार व पानझडी झाडी तपकिरी होते, तर निमसदाहरित जंगल व देवरायांचे तुकडे गडद हिरवे राहतात. त्यामुळे या महिन्यांतील प्रतिमांत जंगलाच्या सीमा व त्यातील खंड अधिक स्पष्ट उमटतात. ऑक्टोबरच्या प्रतिमेत मात्र गवत, पिके व जंगल सारेच हिरवे दिसल्याने फसगत होऊ शकते.

### सावल्या

लँडसॅट व सेंटिनेल-२ हे उपग्रह भारतावरून साधारणतः सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान जातात. त्या वेळी सूर्य पूर्व-आग्नेय दिशेला असतो. सह्याद्रीचे मुख्य कडे पश्चिमाभिमुख असल्याने हिवाळ्यातील प्रतिमांत ते सावलीत जातात व काळे दिसतात. हा काळा पट्टा दाट जंगल किंवा पाणी समजण्याची चूक नवख्या वाचकाकडून होते. दक्षिणेकडील प्रकाशामुळे काही वेळा डोंगरसोंड दरीसारखी आणि दरी सोंडेसारखी भासते. नद्यांचा प्रवाह शोधून किंवा उंचीचा स्तर चालू करून हा भ्रम दूर करता येतो.

### अवरक्त प्रकाश

निरोगी पाने निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात व लाल प्रकाश शोषून घेतात. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागल्यास वनस्पती निर्देशांक मिळतो. त्याचे मूल्य उणे १ ते अधिक १ यांदरम्यान असते. घनदाट जंगलात ते जास्त, उघड्या खडकावर शून्याच्या आसपास, तर पाण्यावर बहुधा उणे असते. छद्मरंग प्रतिमेत निकट-अवरक्त प्रकाशाला लाल रंग दिला जातो, म्हणून त्यात जंगल लाल दिसते.

## माळीण दुर्घटना

माळीण हे आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकरच्या ईशान्येस असलेले आदिवासी गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीत गावामागील डोंगराचा भाग कोसळला व ४० हून अधिक घरे चिखलमातीखाली गाडली गेली. १५१ जणांचा मृत्यू झाला. त्या मार्गावरून जाणाऱ्या राज्य परिवहन मंडळाच्या बसचालकाला नेहमीच्या ठिकाणी गाव दिसले नाही आणि त्याच्याकडून घटनेची वार्ता बाहेर पोहोचली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने भर पावसात अनेक दिवस शोधकार्य केले. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन आमडे येथे करण्यात आले व २०१७ साली नवे गाव ग्रामस्थांच्या ताब्यात देण्यात आले.

दुर्घटनेनंतर झालेल्या अभ्यासांत अतिवृष्टी, बेसाल्ट खडकावरील झिजलेल्या मातीचा थर पाण्याने संपृक्त होणे, पाण्याच्या निचऱ्याचा अभाव आणि उतारावरील मानवी फेरबदल अशी एकत्रित कारणे पुढे आली. या भागात उतारावर श्रमदानाने भातखाचरे तयार करण्याची पडकई ही परंपरा आहे. शासकीय योजनेखाली या कामांत यंत्रांचा वापर होऊ लागल्याने उतार कमकुवत झाले का, यावर मोठी चर्चा झाली. गूगल अर्थवरील जुन्या प्रतिमा पाहणाऱ्या अभ्यासकांनी गावाच्या वरच्या बाजूस झालेल्या सपाटीकरणाकडे लक्ष वेधले. हे बदल दर्शवणाऱ्या प्रतिमा दुर्घटनेपूर्वीच संग्रहात होत्या. मात्र त्या उताराच्या दृष्टीने वाचल्या गेल्या नव्हत्या.

उपग्रह प्रतिमेत उतारावरील पायऱ्यांसारखे सपाटीकरण, नव्याने कापलेला रस्ता, झाडी नाहीशी झालेला पट्टा आणि नैसर्गिक ओहोळाचा बदललेला मार्ग ही चिन्हे ओळखता येतात. जमिनीवर पडलेल्या भेगा, घरांच्या भिंतींना गेलेले तडे, अचानक गढूळ झालेले झरे किंवा मातीतील पाण्याचा दाब ही लक्षणे मात्र प्रतिमेत दिसत नाहीत. ती गावातच पाहावी लागतात. म्हणून प्रतिमेवरून ‘येथे पाहणी आवश्यक आहे’ असे सांगता येते, ‘येथे दरड कोसळेल’ किंवा ‘कोसळणार नाही’ असे सांगता येत नाही.

## दरडप्रवणतेचे नकाशे

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातील डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेनुसार १:५०,००० प्रमाणावर नकाशे तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. हे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर पाहता येतात. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ साली भारताचा दरड नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातील दरडींच्या नोंदी असून १७ राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांतील १४७ जिल्ह्यांचा समावेश आहे.

१:५०,००० प्रमाणावर नकाशातील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी अशा नकाशावर काही मिलिमीटरांची होते. ऑनलाइन नकाशा बोटांनी कितीही मोठा केला तरी त्यामागील माहितीची अचूकता वाढत नाही. एखादी वाडी धोकादायक रंगाच्या रेषेपलीकडे दिसली, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही. तळिये (२२ जुलै २०२१) व इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या रायगड जिल्ह्यातील दुर्घटनांनंतर वाडी-वस्तीच्या पातळीवरील पाहणीची गरज पुन्हा चर्चेत आली.

## जलाशयांचे निरीक्षण

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही पाच धरणे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आहेत. त्यांपैकी घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. जुने आंबेगाव हे गाव याच जलाशयात बुडाले.

पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषून घेत असल्याने अवरक्त प्रतिमेत जलाशय काळा व त्याचा काठ रेखीव दिसतो. ऑक्टोबर व मे महिन्यांतील प्रतिमा शेजारी ठेवल्यास पाण्याचा विस्तार किती आकसला ते मोजता येते. विस्तार कळला तरी साठा कळत नाही, कारण त्यासाठी तळाची खोली माहीत असावी लागते. १९७० च्या दशकातील लँडसॅट प्रतिमांत डिंभे जलाशयापूर्वीचे घोड नदीचे खोरे पाहता येते. त्या प्रतिमांचे विभेदन सुमारे ८० मीटर असल्याने त्यांत दरी ओळखू येते, पण गावातील घरे दिसत नाहीत.

## वनहक्क दाव्यांतील वापर

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागात महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीचा ताबा असलेल्या आदिवासींना हक्काचा दावा करता येतो. त्या काळातील शेतीचा पुरावा म्हणून उपग्रह प्रतिमांचा आधार घेतला जातो.

डोंगरातील शेतांचे तुकडे लहान असतात, काही पिके झाडांच्या छायेत घेतली जातात आणि नाचणी-वरईची जमीन आलटून पालटून पडीक ठेवली जाते. अशी शेती उन्हाळ्यातील किंवा कमी विभेदनाच्या प्रतिमेत उघड्या माळासारखी अथवा जंगलासारखी दिसू शकते. २०१२ साली सुधारित करण्यात आलेल्या वनहक्क नियमांनुसार उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, पण ती त्यांची जागा घेऊ शकत नाही. केवळ प्रतिमेत शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळणे या तरतुदीशी विसंगत ठरते. स्थळपाहणी, ज्येष्ठ ग्रामस्थांचे जबाब व ग्रामसभेचा ठराव यांचे महत्त्व त्यामुळे कायम राहते.

## मर्यादा व दक्षता

* रडार प्रतिमा : रडार उपग्रह ढगांतून व रात्रीही प्रतिमा घेऊ शकतात, त्यामुळे पावसाळ्यात ते उपयोगी ठरतात. परंतु रडारची किरणे तिरपी पडत असल्याने तीव्र कड्यांचे चित्र विकृत होते व त्यांच्या मागचा भाग छायेत जातो. ३० जुलै २०२५ रोजी प्रक्षेपित झालेला निसार हा नासा व इस्रोचा संयुक्त रडार उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच भागावरून जातो व जमिनीच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यासाठी तयार करण्यात आला आहे.
* अंतर व उंची : खांडस ते भीमाशंकर या शिडी घाट व गणेश घाटाच्या वाटा नकाशावर तोकड्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांत ८०० मीटरहून अधिक चढ आहे. नकाशावरील सरळ अंतरावरून चालण्याच्या वेळेचा अंदाज करणे धोक्याचे असते.
* पायवाटा : झाडांच्या छताखालील वाटा प्रतिमेत दिसत नाहीत. स्वयंसेवकांनी नोंदवलेली वाट पावसाळ्यात बंद किंवा वाहून गेलेली असू शकते.
* मालकी व सीमा : ऑनलाइन नकाशावरील सीमारेषा कायदेशीर मोजणीचा पर्याय ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची मोजणी ग्राह्य धरली जाते.

## किनारपट्टीच्या चित्रणाशी तुलना

हाच नकाशा पश्चिमेकडे सरकवल्यास कर्जत, पनवेल, धरमतरची खाडी व अलिबागचा किनारा क्रमाने दिसू लागतो. किनाऱ्याच्या प्रतिमा वाचताना भरती-ओहोटीची वेळ विचारात घ्यावी लागते. ओहोटीच्या वेळी घेतलेल्या प्रतिमेत उघडी पडलेली पुळण पाहून किनारा समुद्राकडे सरकला असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. डोंगराळ भागात भरती-ओहोटीची जागा सूर्याची दिशा व ऋतू घेतात. दोन्ही ठिकाणी समान परिस्थितीतील, म्हणजे किनाऱ्यावर एकाच भरतीपातळीच्या आणि डोंगरात एकाच महिन्याच्या, वेगवेगळ्या वर्षांतील प्रतिमांची तुलना विश्वसनीय मानली जाते.

## हेही पाहा

* भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य
* माळीण दुर्घटना
* डिंभे धरण
* भुवन (संकेतस्थळ)
* सुदूर संवेदन
* पश्चिम घाट